नायट्रसवर चालणाऱ्या इंजिनाचे स्पार्क प्लग कसे वाचायचे

नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू) बसवलेल्या इंजिनाचा पिस्टन जळायला एक रन, म्हणजे पूर्ण ताकदीची एक धाव पुरते. मिक्स्चर लीन झालं (म्हणजे पेट्रोल कमी पडलं; पेट्रोल जास्त झालं तर रिच) किंवा टायमिंग जास्त राहिलं (म्हणजे ठिणगी फार लवकर पडली), तर फुल थ्रॉटलच्या गोंगाटात नॉकिंग, म्हणजे मिक्स्चर आपोआप धडाधड पेटल्याचा ठोका, कानावर येतच नाही, आणि गाडीने ताकद सोडल्याचं जाणवतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. पण त्याच्या आधीच्या रन्समध्ये प्लगवर खुणा उमटलेल्या असतात. त्या कुठे शोधायच्या आणि त्यांचा अर्थ काय लावायचा, हे नीट शिकलं तर इंजिन वाचतं, शिवाय ताकदही पूर्ण मिळते.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. प्लगवरची प्रत्येक जागा एकाच प्रश्नाचं उत्तर देते. ग्राउंड इलेक्ट्रोडची (प्लगच्या टोकावरून वाकून आलेली) पट्टी टायमिंगबद्दल बोलते. पोर्सेलिनचं (मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीचं) मूळ आणि धातूच्या कवचाची कड इंधनाबद्दल बोलतात. आटे हीट रेंजबद्दल, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर हेडमध्ये सोडतो याबद्दल सांगतात (लवकर सोडणारा प्लग थंड, हळू सोडणारा गरम). पोर्सेलिनचा पृष्ठभाग आणि इलेक्ट्रोडच्या कडा नॉकिंगची खबर देतात. या चार उत्तरांची सरमिसळ केली की चुकीचा जेट (इंधनाचा किंवा नायट्रसचा प्रवाह ठरवणारा भोकाचा तुकडा) बदलला जातो. ‘प्लग तपकिरी दिसला की इंजिन ठीक’ हा जुना सल्ला लेडवाल्या पेट्रोलच्या आणि लांब पल्ल्याच्या काळातला आहे. आजच्या अनलेडेड पेट्रोलवर, काही सेकंदांच्या नायट्रस रनमध्ये पोर्सेलिनच्या मधल्या भागाला तसा रंग चढायला वेळच मिळत नाही. तो भाग पांढरा दिसला म्हणून घाबरून इंधन वाढवू नका आणि तपकिरी दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका.

नायट्रस आत गेल्यावर काय बदलतं

नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत सुमारे २३ टक्के. हा वायू स्वतः जळत नाही. ज्वलनकक्षात ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. त्या ऑक्सिजनला पुरेल एवढं जादा पेट्रोल बरोबरच मिळालं पाहिजे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण साडेनऊ किलो नायट्रस लागतो. प्रत्यक्षात इंजिन सुरक्षित राहावं म्हणून त्याहून बरंच रिच चालवतात, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता आवरून धरतं.

दुसरा बदल ज्वलनाच्या वेगाचा. ऑक्सिजन वाढला की मिक्स्चर वेगाने पेटतं, त्यामुळे सिलिंडरमधला दाब लवकर शिखराला पोचतो. ठिणगी पूर्वीच्याच वेळी पडली, तर हे शिखर पिस्टन वर असतानाच येतं आणि सगळा मार पिस्टन, रिंगा आणि हेडगॅस्केट खातात. म्हणून नायट्रसवर टायमिंग मागे घ्यावं लागतं. दर ५० एचपीमागे १ ते २ अंश हा सुरुवातीचा ठोकताळा. मूळ फुल थ्रॉटल टायमिंग ३२ अंश असेल आणि १०० एचपीचा शॉट (नायट्रसने मिळणारी जादा ताकद) लावायचा असेल, तर मी २८ वरून सुरुवात करायला सांगेन. तिथून पुढे जायचं की नाही, हे प्लग सांगेल.

आधी प्लग योग्य हवा

चुकीचा प्लग वाचून काहीच कळत नाही, त्यामुळे इथे घाई नको. कंपनीने दिलेला प्लग नायट्रसला बहुधा दोन कारणांनी चालत नाही. एक तर तो गरम रेंजचा असतो. दुसरं म्हणजे त्याचं टोक ज्वलनकक्षात पुढे आलेलं असतं आणि पट्टी लांब असते. लांब पट्टीला उष्णता कवचापर्यंत पोचवायला वेळ लागतो. ती लालबुंद होते, आणि ठिणगी पडण्याआधीच मिक्स्चर पेटवते. याला प्री-इग्निशन म्हणतात, आणि नायट्रसवर त्याच्याइतकं घातक दुसरं काही नाही.

म्हणून आखूड पट्टीचा, टोक पुढे न आलेला, साध्या निकेल इलेक्ट्रोडचा प्लग घ्या. प्लॅटिनमची टिकली बसवलेले प्लग या कामाला टाळलेले बरे. हीट रेंज दर ७५ ते १०० एचपीमागे एक पायरी थंड, हा सर्वसाधारण नियम. आकड्यांबाबत सावध राहा: एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश, चॅम्पियन आणि ऑटोलाइटमध्ये आकडा वाढला की प्लग गरम होतो. एका कंपनीचा नियम दुसरीला लावून उलटाच प्लग बसवल्याची उदाहरणं नेहमी दिसतात.

गॅप ०.६ ते ०.९ मिमीच्या दरम्यान ठेवा. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं अवघड जातं, आणि गॅप मोठा असेल तर नेमक्या भाराच्या क्षणी मिसफायर होतो. १.१ मिमी गॅपचा प्लग ठोकून ०.७ वर आणला तर पट्टी तिरपी बसते. अशा पट्टीवरची रेषा वाचताना घोळ होतो. मुळात कमी गॅपसाठी बनवलेला प्लग घेणं चांगलं.

आणि एकदा मॉडेल ठरलं की बदलू नका. पट्टीची लांबी आणि जाडी बदलली की तिच्यावरची उष्णतेची रेषाही सरकते. मग मागच्या वाचनाशी तुलना करता येत नाही.

रनच्या आधी काय काय स्थिर करायचं

आधी नायट्रसशिवाय इंजिन ठीक असलं पाहिजे. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते हे मोजणारी) टेस्ट करा, आकडे लिहून ठेवा. एखाद्या सिलिंडरची रिंग तेल सोडत असेल तर तिथला प्लग कायम काळा दिसेल आणि तुम्ही इंधन कमी करत बसाल. त्यातून तेल मिक्स्चरमध्ये मिसळलं की पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची ताकद घटते. म्हणजे काळ्या प्लगला लीन करून तुम्ही सर्वांत कमजोर सिलिंडर आणखी धोक्यात घालता.

मग बाटली. नायट्रस बाटलीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. बहुतेक किट ९०० ते १००० पीएसआय दाबासाठी जेट केलेले असतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो असं धरलं, तर ९०० चं १००० पीएसआय झालं की नायट्रस सुमारे ५ टक्के वाढतो. पेट्रोल तेवढंच राहतं, म्हणजे तुम्ही जेटला हात न लावता मिक्स्चर लीन झालं. उलट बाटली रिकामी होत आली की दाब पडतो आणि मिक्स्चर रिच होतं. दोन रन्समधल्या प्लगची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा दाब सारखा हवा. प्रत्येक रनआधी गेज बघा, बाटलीचं वजन करा, दोन्ही आकडे वहीत लिहा.

दाब वाढवायला थर्मोस्टॅटवाला बाटली हीटरच वापरा. नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे. त्याच्या पुढे द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. बाटलीला ज्योत लावणं, टॉर्चने तापवणं हे जीवघेणं आहे. आणि हा वायू हुंगायचा नसतो. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, तो फुप्फुसांना इजा करतो.

तिसरी गोष्ट इंधनाचा दाब. नायट्रसवर पिस्टन जळण्यामागे भाराखाली पडलेला इंधनदाब हे फार नेहमीचं कारण असतं. गाडी उभी असताना गेज बरोबर दाखवतं आणि चौथ्या गिअरमध्ये पंप दमतो. दाब प्रत्यक्ष रनमध्ये नोंदवला गेला पाहिजे. दाब पडताच नायट्रस बंद करणारा सुरक्षा स्विच नसेल तर तो बसवल्याशिवाय पुढचं काही करू नका.

सुरुवात नेहमी सर्वांत लहान शॉटवर, इंधन थोडं जास्त आणि टायमिंग थोडं कमी ठेवून. प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर (नायट्रस टप्प्याटप्प्याने वाढवणारं उपकरण) असेल तर लक्षात ठेवा, प्लग पूर्ण शॉटवरच वाचायचा. अर्धवट टप्प्यांची सरासरी वाचून काही निष्पन्न होत नाही.

रन आणि क्लीन कट (रन संपताच इंजिन तिथेच बंद करणं)

हे काम बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करायचं. रस्त्यावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणं इतरांच्या जिवाशी खेळ आहे.

१. इंजिन जुन्या प्लगवर गरम करा. तेल आणि पाणी दोन्ही पूर्ण तापमानाला येऊ द्या. नव्या प्लगवर थंड इंजिन चालवलं की चोकची काजळी आधीच बसते.

२. इंजिन बंद करून नवे प्लग बसवा. प्रत्येक प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर आधीच मार्करने सिलिंडर क्रमांक आणि गॅपच्या दिशेची रेघ काढून ठेवा. टॉर्क रेंचने घट्ट करा. १४ मिमी आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनिअम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर लागतात. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि मग योग्य रेंजचा प्लगही गरम रेंजचा वाटतो.

३. कमीत कमी वेळ आयडलवर ठेवून सुरुवातीच्या रेषेवर या. साधारण ३००० आरपीएमच्या वर, फुल थ्रॉटलवरच नायट्रस सुरू करा. त्याच्या खाली सिलिंडरमधला दाब भलताच चढतो.

४. वरच्या गिअरमध्ये भार असलेला रन घ्या. पहिल्या गिअरची धाव प्लगला पुरेशी उष्णता देत नाही.

५. आता कट. आधी थ्रॉटल सोडा, म्हणजे थ्रॉटल स्विच नायट्रस बंद करेल. लगेच क्लच दाबा किंवा गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि किल स्विचने इग्निशन तोडा. हा क्रम उलटा करू नका. नायट्रस चालू असताना ठिणगी बंद झाली तर न जळलेलं मिक्स्चर मॅनिफोल्डमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये साठतं, आणि बॅकफायरने मॅनिफोल्ड फुटू शकतो. किल्ली फिरवून बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, त्याची तयारी ठेवा.

६. गाडी थांबली की इंजिन पुन्हा सुरू न करता ढकलत किंवा ओढत न्या. परत चालवत आणली की तुम्ही रनचा नव्हे, आयडलचा प्लग वाचाल.

पट्टीवरची खूण एका रनमध्ये दिसते. पोर्सेलिनच्या मुळाशी इंधनाचं कडं नीट उमटायला बहुतेकदा दोन-तीन रन लागतात. पण पहिल्या रननंतर प्लग काढून धोक्याच्या खुणा तपासल्याशिवाय दुसरा रन घ्यायचा नाही.

प्लग बाहेर काढल्यावर

प्लग ठेवायला आठ-दहा भोकं पाडलेली लाकडी पट्टी करून घ्या आणि सिलिंडरच्या क्रमाने उभे करा. पुसू नका, फुंकू नका, टोकाला बोट लावू नका. दहापट मोठं दाखवणारं दिवावालं भिंग आणि पांढरा उजेड हवा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात लीन प्लग छान सोनेरी दिसतो, त्याला भुलू नका.

पट्टी: टायमिंग

मी कायम इथून सुरुवात करतो, कारण नायट्रसवर सर्वांत जलद नुकसान टायमिंगच करतं.

पट्टीचे तीन भाग मनात ठरवा: मधल्या इलेक्ट्रोडवर आलेलं टोक, वळण, आणि कवचाला जोडलेलं बूड. रनमध्ये टोक सर्वाधिक तापतं, आणि उष्णता पट्टीतून बुडाकडे वाहते. ज्या जागेपर्यंत धातू एका ठरावीक तापमानाच्या वर गेला, तिथपर्यंत त्याचा रंग बदलतो. बाजूने बघितलं की रंग बदललेल्या आणि न बदललेल्या भागांमध्ये एक सीमा दिसते, कधी करडी, कधी निळसर छटेची. तीच वाचायची.

ही रेषा वळणावर असेल तर टायमिंग योग्य टप्प्यात आहे. टोकाजवळच थांबली असेल तर टायमिंग कमी आहे, थोडं वाढवायला वाव आहे. वळण ओलांडून बुडाकडे उतरली असेल तर टायमिंग जास्त आहे. तिथे माझा सल्ला ठाम आहे: पुढचा रन घेण्याआधी २ अंश मागे घ्या. पूर्ण पट्टी बुडापर्यंत निळी किंवा इंद्रधनुषी झाली असेल तर रन घेणंच थांबवा. नायट्रसवर मी रेषा वळणाच्या किंचित टोकाकडच्या बाजूला ठेवणं पसंत करतो. त्या शेवटच्या अर्ध्या अंशातून मिळणारी ताकद डायनोच्या कागदावरही धड दिसत नाही, पण गरम दिवशी किंवा पेट्रोल थोडं हलकं भरलं गेलं तर तोच अर्धा अंश उपयोगी पडतो.

दोन सावधगिऱ्या. पहिली म्हणजे लीन मिक्स्चरही उष्णता वाढवतं आणि रेषा खाली ढकलतं. म्हणून रेषा खाली दिसली की टायमिंग मागे घ्या, पण लगेच इंधनाची जागाही बघा. दोन्ही लीनकडे बोट दाखवत असतील तर मूळ दोष इंधनात आहे. दुसरी सावधगिरी उलट दिशेची. टायमिंग खूप मागे घेणंही फुकटचं नसतं. ज्वलन उशिरा संपतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लाल होतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. ‘सुरक्षेसाठी’ दहा अंश मागे घेतलेलं इंजिन सुरक्षित नसतं.

बदल एका वेळी १ अंशाचा, त्याहून मोठा नाही. अपवाद फक्त मागे घेण्याचा.

पोर्सेलिनचं मूळ आणि कवचाची कड: इंधन

भिंगातून प्लगच्या आत खोलवर बघा, जिथे पांढरं पोर्सेलिन धातूच्या कवचात शिरतं. ही पोर्सेलिनची सर्वांत थंड जागा. इथे काजळी जळून जात नाही, म्हणून फुल थ्रॉटलचं इंधन इथे एक धुरकट कडं उमटवतं. बाकीचं पोर्सेलिन बऱ्यापैकी स्वच्छ आणि मुळाशी एक-दीड मिमीचं स्पष्ट, सलग कडं दिसलं की मिक्स्चर चांगल्या, थोड्या रिच टप्प्यात आहे. कडं वर चढत पोर्सेलिनच्या अर्ध्यापर्यंत आलं तर इंधन जास्त आहे. कडंच नसेल आणि मूळही कोरं पांढरं असेल तर मिक्स्चर लीन आहे, किंवा तुम्ही अजून पुरेसे रन घेतलेले नाहीत. यातलं कोणतं, हे कवचाची कड सांगते.

कवचाची कड म्हणजे आट्यांच्या टोकाशी ज्वलनकक्षाकडे तोंड करून असलेलं गोल धातूचं तोंड. तिच्यावर पूर्ण फेरा गडद करड्या, मंद काळ्या रंगाचा हवा. त्यावर कोरडी, बोटाला लागेल अशी भुसभुशीत काजळी असेल तर रिच. फिकट करडी किंवा उघडा धातू दिसत असेल तर लीन. अर्धा फेरा रंगलेला आणि अर्धा स्वच्छ असेल तर घाबरू नका. आत येणारं मिक्स्चर एका बाजूला धुऊन जातं. प्लगवर काढलेली दिशेची रेघ इथे कामी येते, कारण प्रत्येक वाचनात तीच बाजू स्वच्छ असेल तर तो हेडच्या रचनेचा भाग असतो.

मूळ नीट दिसत नसेल तर प्लग कापा. कवच लेथवर किंवा बारीक करवतीने उभं कापून पोर्सेलिन बाहेर काढलं की कड्याबद्दल शंका राहत नाही. एक प्लग बळी जातो, पण नव्या सेटअपमध्ये मी निदान सर्वांत गरम सिलिंडरचा प्लग कापून बघायला सांगेन.

आता जेट. जेटचा क्रमांक बहुधा भोकाचा व्यास एक हजारांश इंचांत सांगतो, आणि प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो. इंधन जेट २८ वरून ३० केला तर इंधन सुमारे १५ टक्के वाढतं. ६० वरून ६२ केला तर फक्त ७ टक्के. म्हणून ‘दोन नंबर वाढव’ या सल्ल्याला आधीचा जेट कोणता हे माहीत असल्याशिवाय अर्थ नाही. लहान जेटवर एकच नंबर बदला. डायरेक्ट पोर्ट (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल) नसलेल्या सेटअपमध्ये इंधनदाब अर्धा पीएसआय बदलणं हा बारीक जुळवणीचा अधिक चांगला मार्ग आहे.

आणखी एक महत्त्वाचं: जेट तेच, दाब तोच आणि प्लग अचानक लीन दिसायला लागला, तर जेट वाढवू नका. काहीतरी बिघडलंय. इंधन सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हची) जाळी, फिल्टर, पंपाची वायरिंग, या क्रमाने शोधा. मोठा जेट टाकून दोष झाकला, तर तो पुढच्या रनमध्ये वाढलेला असेल.

खूप रिचही ठेवायचं नसतं. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, मिसफायर करतं आणि न जळता एक्झॉस्टमध्ये जाऊन फुटतं.

आटे: हीट रेंज

इथे फार वेळ लागत नाही. ज्वलनकक्षाच्या बाजूने मोजत पहिले साधारण दोन आटे उष्णतेने रंग बदललेले असावेत. एकच किंवा एकही नसेल तर प्लग जास्त थंड आहे. तो आयडलवर काजळी धरून मिसफायर देईल. तीन-चार किंवा अधिक आटे रंगलेले असतील तर प्लग गरम आहे, एक पायरी थंड घ्या. पोर्सेलिनचं टोक ४५०–५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की स्वतःची काजळी जाळून टाकतं, आणि ८०० च्या पुढे गेलं की प्री-इग्निशनचा धोका सुरू होतो. त्या दोन आकड्यांमध्ये राहणं एवढंच हीट रेंजचं काम आहे. हीट रेंज बदलून मिक्स्चर किंवा टायमिंग सुधारत नाही. काजळी धरतो म्हणून गरम प्लग लावणं हा नायट्रसवरचा सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे.

या खुणा दिसल्या तर थांबा

पोर्सेलिनवर काळे मिरपुडीसारखे ठिपके ही पहिली सूचना. नॉकिंगच्या धक्क्याने पिस्टनवरचा कार्बन उडून पोर्सेलिनला चिकटतो. टायमिंग २ अंश मागे घ्या, इंधन तपासा, नवा प्लग लावून बघा. ठिपके पुन्हा आले तर शॉट लहान करा.

ठिपके चंदेरी, चमकते, भिंगाखाली बारीक गोळ्यांसारखे असतील तर तो पिस्टनचा ॲल्युमिनिअम आहे. यावर ट्यूनिंगचा उपाय नाही. त्या दिवसाचं काम बंद, बोअरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत घालायच्या कॅमेऱ्याने) पिस्टन बघायचा, लीकडाउन पुन्हा करायचा आणि पहिल्या आकड्यांशी ताडून बघायचा.

मधल्या इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोल झाल्या असतील, पट्टीचं टोक झिजलं किंवा वितळलं असेल, पोर्सेलिनवर फोड किंवा तडा असेल, तर उष्णता हाताबाहेर गेलेली होती. तडा गेलेला तुकडा सिलिंडरमध्ये पडलाय का, हेही तपासावं लागतं.

ओला, चकचकीत काळा थर हे तेल आहे. इंधनाची काजळी कोरडी आणि मळकट असते. आणि एकच प्लग बाकीच्यांपेक्षा संशय येईल इतका स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा किंवा खडूसारख्या थराचा दिसला तर हेडगॅस्केटमधून पाणी येतंय. नायट्रसवर हेडगॅस्केट आधी असंच सांगतं.

उत्तरं एकत्र कशी जुळवायची

रेषा वळणावर, कडं सलग, दोन आटे रंगलेले, पोर्सेलिनवर ठिपके नाहीत: हा हवा असलेला प्लग. त्याला हात लावू नका.

रेषा टोकाशी आणि कडं जाड असेल तर आधी इंधन थोडं कमी करा आणि रेषा कुठे सरकते ते बघा. मिक्स्चर सुधारल्यावर ती बऱ्याचदा आपोआप वळणाकडे येते. मग टायमिंग. दोन्ही एकदम बदललं तर रेषा कशाने हलली हे कधीच कळणार नाही.

रेषा बुडाकडे पण कडं भरपूर, अशा वेळी दोष स्पष्टपणे टायमिंगचा आहे. इथे इंधन आणखी वाढवून भागवण्याचा मोह होतो, तो टाळा.

रेषा बुडाकडे आणि कडं गायब: टायमिंग मागे घ्या आणि इंधन वाढवा, दोन्ही लगेच. एका वेळी एकच बदल हा नियम मोडायची परवानगी फक्त इथे आहे. कारण नंतर शोधता येईल.

एका सिलिंडरवर ठिपके आणि बाकी सगळे छान, तर पूर्ण इंजिन त्या एका सिलिंडरसाठी ट्यून करावं लागतं. प्लेट किंवा एकाच नोझलच्या वेट सेटअपमध्ये, म्हणजे नायट्रस आणि पेट्रोल एकाच जागी मॅनिफोल्डमध्ये सोडलं जातं तिथे, हे नेहमी घडतं. नायट्रस वायू होऊन सहज वळतो, पेट्रोलचे थेंब जड असल्याने सरळ जातात, आणि मॅनिफोल्डच्या काही नळ्यांना (रनर) पेट्रोल कमी मिळतं. डायरेक्ट पोर्ट असेल तर त्याच सिलिंडरचा इंधन जेट एक नंबर वाढवा. नसेल तर सर्वांत लीन सिलिंडर सुरक्षित होईपर्यंत सगळ्यांना इंधन द्या, आणि बाकीचे थोडे रिच राहतील हे मान्य करा.

वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून मिक्स्चर सांगणारा) असला तरी प्लग वाचणं सुटत नाही. हेडरच्या जोडावर बसवलेला सेन्सर सगळ्या सिलिंडरांची सरासरी सांगतो; त्यात एक लीन आणि एक रिच असले तरी आकडा देखणा येतो. शिवाय रिचमुळे मिसफायर झाला तर न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि तो लीन दाखवतो. इंधन वाढवलं की आकडा आणखी लीन होतोय असं दिसलं, तर प्लग काढून बघा, बहुधा काळा असेल. सेन्सरचा लॉग कोणत्या आरपीएमला काय झालं हे सांगतो, प्लग कोणत्या सिलिंडरमध्ये झालं हे सांगतो. दोन्ही हवेत.

पेट्रोलचा प्रकारही नोंदवा. लेडवाल्या रेसिंग इंधनावर रंग लवकर आणि ठळक चढतो. इथेनॉल जास्त असलेल्या इंधनावर काजळी इतकी कमी पडते की कडं जवळपास दिसतच नाही. तिथे पट्टीवर आणि इलेक्ट्रोडच्या कडांवर भिस्त ठेवावी लागते. मॅंगनीजयुक्त ॲडिटिव्ह असेल तर पोर्सेलिनवर विटकरी-नारिंगी थर बसतो, तो मिक्स्चरबद्दल काहीच सांगत नाही.

शॉट वाढवायचा असेल तेव्हा सगळं पहिल्यापासून करा: टायमिंग आणखी मागे, इंधन थोडं रिच, गरज असेल तर प्लग एक पायरी थंड, आणि नवा कोरा संच. आधीच्या शॉटचे प्लग तारीख, जेट, बाटलीचा दाब, इंधनदाब, टायमिंग आणि हवेचं तापमान लिहिलेल्या पिशवीत सिलिंडरच्या क्रमाने ठेवून द्या. पुढच्या मोसमात प्लग वेगळे दिसले की त्यांच्या शेजारी ठेवून बघता येतील.